कुरणापलीकडची शेजारीण

परवा हायवेवरून जाताना गाडीची काच थोडी उघडी होती आणि कुठूनतरी कापलेल्या गवताचा वास आत आला. लॉनच्या मशीनखालचा तो हिरवा, तिखट वास नव्हे. उंच वाढलेलं, कापून उन्हात वाळत घातलेलं गवत. गोडसर, जरासा चहाच्या डब्यासारखा वास. त्याबरोबर अ‍ॅशबर्न गावाच्या पश्चिमेचं, या देशातलं आमचं पहिलं घर आठवलं आणि त्यामागचं कुरण.

ती दोन हजार पाच-सहाची वर्षं. नवरा सकाळीच ऑफिसला जायचा आणि नोकरीची परवानगी नसलेल्या डिपेंडंट व्हिसावरची मी दिवसभर घरात. आमच्या वसाहतीचं कुंपण संपलं की कुरण सुरू व्हायचं. पहाटे त्यावर धुकं इतकं खाली उतरे, की गवताचे ते मोठे गोल गठ्ठे पाण्यात बसलेल्या म्हशींसारखे वाटत. पलीकडे एक पांढरं लाकडी घर, त्यात सत्तरी ओलांडलेली एकटी बाई. नवरा गेलेला, मुलगी दूरच्या गावी. अलीकडे, आमच्या शेजारी, नागपूरचे एक डॉक्टर काका. ऐन तारुण्यात या देशात आलेले, आता रिटायर झालेले, तेही एकटेच. या दोघांची मैत्री कुंपणावरून झाली. काकांना अंबाडीच्या भाजीची फार आठवण येते हे कळल्यावर तिने घरामागची जमिनीची एक पट्टी त्यांना देऊन टाकली. संध्याकाळी काका वाकून खुरपत असायचे आणि ती पायरीवर बसून 'अंबाडी' हे न जमणारं नाव जिभेवर घोळवत असायची. मला बोलणं ऐकू यायचं नाही. नुसते हातवारे दिसायचे, आणि मधूनच मान मागे टाकून काकांचं हसणं.

मग एका उन्हाळ्यात कळलं, ती बाई आपलं कुरण एका बिल्डरला विकतेय. जमीन ग्रामीण पट्ट्यातली. तिथे मोजकीच घरं बांधायची परवानगी. बिल्डरला अख्खी वसाहत उठवायची होती, आणि त्यासाठी काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, नियम बदलायला हवा होता. आमच्याकडे एकच खळबळ उडाली. सगळे एकेक पदार्थ घेऊन जमायचे त्या पॉटलकला दुसरा विषय नाही. शाळा आधीच भरल्यात, रस्ता रोज जॅम होतो, आणि हा व्ह्यू बघून तर आपण घर घेतलं, यार! काउंटीच्या सभेत आपल्या वतीने काकांनी बोलावं असं ठरलं. ते लगेच तयार झाले.

सभेला निघताना मी त्यांच्या गाडीपाशी गेले, तर पुढच्या सीटवर ती बसलेली.

"तिला आता ड्राइव्ह करवत नाही," काका म्हणाले, "आणि सभा तर एकच आहे. तू मागे बस."

सभेत काका कळकळीने बोलले. "मी या देशात आलो तेव्हा मला फक्त हॉस्पिटलचे कॉरिडॉर माहीत होते. इथली माती हाताला कशी लागते, ते मला या कुरणाने दाखवलं. ते पुसून टाकू नका." आमच्या लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग ती उठली, काठी टेकत.

"डॉक्टर खरं बोलले," ती म्हणाली. "पण ते कुरण दर वर्षी कापावं लागतं, आणि माझे गुडघे गेलेत. तुम्ही राहता तिथे माझ्या भावाचा मका होता. तुम्ही आलात तेव्हा मी घरोघरी केक घेऊन आले होते. आता तुमच्यानंतर येणाऱ्यांना तुम्ही नको का म्हणता, एवढंच मला कळत नाही."

काउंटीच्या बोर्डाने मतं घेतली आणि अगदी थोड्या मतांनी बिल्डरला परवानगी मिळाली.

पार्किंगमध्ये आमच्यातलं कुणीतरी चिडून म्हणालं, "काका, तिला आणलंत कशाला? तुम्ही नक्की कुठल्या साइडचे?"

काका तिला हात देऊन गाडीत बसवत होते. "मी शेजारचा," एवढंच म्हणाले.

परतताना पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ होती आणि तिच्यावर जांभळा उजेड. "तुम्ही छान बोललात, डॉक," ती म्हणाली. "तुम्ही जास्त छान बोललात," काका म्हणाले, "म्हणून तर मी हरलो." ती हसली, आणि मग काचेकडे तोंड वळवून रडायला लागली. काकांनी गाडी फार हळू चालवली. जणू घर यायला नकोच होतं.

ती मुलीकडे राहायला गेली. यंत्रं आली, रस्ते झाले, दिव्याचे खांब उभे राहिले. आणि मग घरांचा बाजारच कोसळला नि बिल्डर काम सोडून गेला. घरं नाहीत, माणसं नाहीत, पण संध्याकाळ झाली की दिवे आपले लागायचे. डांबराच्या भेगांतून गवत पुन्हा डोकं काढू लागलं. अशा एका दुपारी काका तिला मुलीकडून घेऊन आले आणि आम्ही तिघं त्या रिकाम्या रस्त्यांवरून फिरलो. "इथे कुरणाचं फाटक होतं," एका वळणाशी थांबून ती म्हणाली. "छे, आणखी पुढे," काका म्हणाले. दोघं लहान मुलांसारखी वाद घालत राहिली. ती काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवत होती, ते पावलं टाकून अंतर मोजत होते. कुणीच ऐकेना. इतकं आनंदाचं भांडण मी त्यानंतर पाहिलं नाही.

आम्ही पुढे दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला आलो. काका गेल्याचं कळलं. तिचं काय झालं ते कधी कळलं नाही. तिथे पुढे घरं झाली म्हणतात. फाटक नक्की कुठे होतं, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. मला विचाराल तर दोघांनी दाखवलेल्या दोन्ही जागा खऱ्या वाटतात. त्यांच्या मधे आज कुणाचं तरी घर असेल. तिथे जन्मलेलं एखादं मूल त्या रस्त्याला आपलं गाव म्हणत असेल, आणि तेही खरंच आहे.