कुंपणाबाहेरून सांगितलं ते

‘तिथूनच सांग. कुंपणाले हात लावू नको,’ दिवाणजी म्हणाला.

मी हात मागे घेतला. बाभळीच्या काट्यांचं कुंपण. मांडवाभोवती मुद्दाम आमच्यासाठी घातलेलं. आत लोडाला टेकून फंडाची मंडळी बसली होती. बाहेर उन्हात आम्ही, ज्यांच्यावर फंडाचे उपकार.

तेव्हा इंग्रजी अंमल होता. मानोऱ्याच्या बाजारात कापसाच्या गाडीमागे धर्मादाय कापला जाई, त्यातून हा फंड उभा होता. कापूस वेचायचा आम्ही आणि दानशूर व्हायचं त्यांनी. फंडानं आमच्या महारवाड्याला विहीर दिली होती. दरसाल पाडव्यानंतर सभा भरे. ज्यांना ज्यांना काही दिलं, त्यांना बोलावून विचारत, कसं काय आहे, पुढं काय करावं? चांगली गोष्ट. मलाही चांगलीच वाटली होती.

पण आमचा शब्द सरळ मांडवात जाऊ द्यायची रीत नव्हती. आम्ही दिवाणजीला सांगायचं, त्यानं अध्यक्षांना. तिथवर पोचेस्तोवर तो धुऊनपुसून निघायचा.

विहीर खोदली होती वरच्या मुरमाड टेकाडावर. रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला फंडाचं काम दिसावं ना! पाणी होतं खाली, ओढ्याकाठी. पण तिथं मळेवाल्यांची विहीर. शेजारी आमची नको. म्हणून आम्ही ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायचो, जिथं गुरं बसायची. माझी चंद्री नुकती चालायला लागली होती. तिला हगवण लागली. वैद्य दुरूनच म्हणाला, ‘पानी बदल.’ कुठून बदलू?

घरून निघताना सासू म्हणाली, ‘दिवाणजीनं शिकोलं तेच म्हन, बाई. नाईतर हाये तेबी बंद करतीन.’

मी ते म्हटलं नाही.

‘विहिरीले पानी नाई. लागलंच नाई. खाली ओढ्यापाशी खोदून द्या. माही पोरगी मरून राह्यली.’

दिवाणजी मांडवाकडे वळला. हात जोडले. ‘म्हणते, मायबापांची कृपा आहे. विहिरीत पालापाचोळा पडतो, वर छप्पर झालं तर बरं होईल.’

‘वा!’ अध्यक्ष म्हणाले. ‘यांनाही आता स्वच्छता कळू लागली.’

मांडव हसला. माझं डोकं फिरलं.

‘खोटं सांगून राह्यला हा! पानी नाई विहिरीत! येऊन पाहा!’

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवाणजीला म्हणाले, ‘पुढच्या खेपेला बोलणारं माणूस जरा पारखून आणा.’

म्हणजे ऐकू गेलं होतं. शब्द न् शब्द. तोवर मला वाटायचं, यांना खरं कळत नाही, कळलं तर करतील. खरं कळूनच ते लोडाला टेकून बसले होते.

निघताना कुंपणावरून एकेक लाडू टाकत. मी पदर पुढे केला नाही. लाडू मातीत पडला. सासूनं उचलला, झटकला आणि पदराच्या गाठीला बांधला. चंद्रीसाठी. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

छप्पर झालं. नवी कोरी कौलं. ती चढत होती तेव्हाच चंद्री गेली. पाणी पाणी करत गेली नाही ती. पाणी पिऊन गेली.

पुढच्या पाडव्याला दिवाणजी दारात. ‘छप्पर कसं झालं ते विचारून राह्यले अध्यक्ष. कोन येते सांगाले?’

सासू उठायला लागली. मी तिला खाली बसवलं.

‘कोनी येत नाई,’ मी म्हणाले. ‘मत पाहिजे ना त्यायले? मी घागर घेऊन मळेवाल्याच्या विहिरीवर चालली. तिथं या म्हना. डोळ्यानं पाहा म्हना.’

संगं कोणी आलं नाही. नवराही नाही. मळ्यात मार बसणार हे ठाऊक होतं, आणि बसला. घागर फुटली, हात मोडला. वस्तीची मजुरी बंद झाली. आपलेच लोक मला शिव्या देऊ लागले, सासू तर बोलायचीच थांबली. काही बदललं नाही. छप्पर अजून तसंच आहे, खाली दगड.

हात बरा झाल्यावर मी दुसरी घागर घेतली. उजवा हात आता वर जात नाही, म्हणून डाव्या कडेवर घेते. पण जाते त्याच मळेवाल्याच्या विहिरीवर. कोणाला विचारत नाही, कोणाला सांगत नाही. अंगात जीव आहे तोवर जाणार.