थायलंडच्या शिंपिणीकडे राहिलेला शर्ट

माझ्या नवऱ्याला सिनेमा बघताना झोप लागते, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. मारामारीच्या सिनेमात ते मध्यंतरापर्यंत टिकतात, प्रेमाच्या सिनेमात नायिका दिसेपर्यंत. तीही झोप धड नसते. पडद्यावर कुणी दार आपटलं की दचकून उठतात आणि ‘मी जागाच होतो’ असं सांगतात. तारापूरच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला आहेत. पाळ्यांच्या नोकरीने त्यांच्या झोपेची पार वाट लावली आहे. अंथरुणावर आडवे झाले की त्यांना कुठला तरी गळका व्हॉल्व्ह आठवतो.

मी पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दुपारी आमच्या वाचनालयात वाचकांपेक्षा पंखे जास्त असतात, त्यामुळे डोक्यात नसते उद्योग शिरतात. असाच एक उद्योग म्हणजे चित्रपट रसग्रहणाचा ऑनलाइन वर्ग. पुण्याच्या एक बाई शिकवायच्या. बोलता बोलता त्या एवढ्या थांबायच्या की नेट गेलं की काय असं वाटायचं. मी नाव घातल्याचं सांगितलं तेव्हा आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, “रस कसला, उसाचा की आंब्याचा?” नंतर आठवडाभर मला चहा देताना हे विचारायचे, “रसग्रहण झालं का?”

बाईंनी एक थाई सिनेमा बघायला सांगितला आणि त्यावर चार पानं लिहून आणायला सांगितली. सूचना एकच होती, की काय होतंय ते शोधायच्या मागे लागू नका. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो टीव्हीवर लावला. यांना सुट्टी होती. “चला, थायलंड बघू,” म्हणून हेही सोफ्यावर येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारे असावेत.

सिनेमा होता एका लहान गावातल्या शिंपिणीचा. तिचं एक खोलीचं दुकान, मशीन, पंखा, बाहेर केळी. एक म्हातारा येतो आणि शिवायला दिलेला आपला शर्ट मागतो. तो त्याने दिला होता तिच्या जन्माच्याही आधी, तिची आई दुकान चालवत होती तेव्हा. शिंपीण अजिबात चकित होत नाही. बसा म्हणते आणि शोधायला लागते. म्हातारा बसतो. मग पंखा फिरतो. पुष्कळ वेळ पंखा फिरतो.

पंख्याच्या त्या दृश्यात हे उठले आणि शांतपणे राउटर बंद करून पुन्हा चालू करून आले. इतका वेळ तेच ते दिसतंय म्हणजे चित्र अडकलंय, अशी त्यांची खात्री होती. मेंटेनन्सच्या माणसापुढे कुठलीही गोष्ट स्थिर दिसू नये, तो ती दुरुस्त करायला घेतो. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी पुढे ढकलत ढकलत परत पंख्यापाशी आणला. तो अजून फिरतच होता. मला विचाराल तर मीही कंटाळले होते, पण फी भरलेली असल्यामुळे चेहऱ्यावर कौतुक ठेवून बसले होते.

थोड्या वेळाने शेजारची चुळबुळ बंद झाली. बघते तर हे झोपले होते. नेहमीसारखे मान टाकून नाही, तर उशी ओढून, पाय पोटाशी घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून. किती वर्षांनी त्यांना असं झोपलेलं बघत होते कोण जाणे. सिनेमात कुणी दार आपटत नव्हतं, ओरडत नव्हतं, गाणं नव्हतं. मशीनची बारीक टकटक, केळीच्या पानांचा आवाज, मधूनच दोन शब्द, तेही थाईत. सिनेमा संपला तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली आणि यांची पापणी हलली. मी घाईघाईने रिमोट घेतला आणि तोच सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.

तर अशा रीतीने तो सिनेमा मी दुसऱ्यांदा बघितला, कलेसाठी नव्हे, नवऱ्याच्या झोपेसाठी.

तो नुकता सुरू झाला होता, तेवढ्यात दाराशी जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या मावशी आल्या. दर रविवारी त्या आमच्या कॉलनीत मासे घेऊन येतात आणि शेवटचं घर आमचं असल्यामुळे पाणी पिऊन जातात. त्यांनी बेल दाबायच्या आत मी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“कोन आजारी हाय काय, बाय?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही हो, झोपलेत.”

“मंग टीवी कशाला लावलाय?”

“बंद केला तर उठतील.”

हे त्यांना लगेच पटलं. त्यांचा नवराही होडीत मशीन चालू असेतो गाढ झोपायचा आणि मशीन थांबलं की उठून बसायचा, असं त्यांनी कुजबुजत सांगितलं. टोपली बाहेर ठेवून त्या आत आल्या आणि फरशीवर बसून पाणी पिता पिता सिनेमा बघू लागल्या. शिंपीण टेबलावर कापड पसरून त्यावरून हात फिरवत होती. एकदा इकडून, एकदा तिकडून.

“ही कापड कधी कापनार?” मावशींनी विचारलं.

“वेळ आहे अजून.”

त्या थांबल्या. मीही थांबले. पहिल्या वेळी मी हे दृश्य मोबाइल बघत काढलं होतं. आता दोघी मिळून त्या बाईच्या हातांकडे बघत होतो. कात्री उचलली गेली, परत खाली ठेवली गेली. मावशींनी जीभ टाळूला लावून ‘च्’ केलं. शेवटी एकदाची कात्री कापडात शिरली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, जसं काही घरातलं लग्न पार पडलं. “कापलं,” मावशी म्हणाल्या आणि समाधानाने उठून गेल्या. मासे घ्यायचे मात्र राहून गेले. रात्री आम्ही पिठलं खाल्लं.

त्यानंतर मला सिनेमा दिसू लागला. पंख्याच्या दृश्यात भिंतीवर पंख्याची सावली म्हाताऱ्याच्या खांद्यावरून जाते, ते मी पहिल्यांदा पाहिलंच नव्हतं. शिंपीण शर्ट शोधताना आईच्या वेळची कपाटं उघडते आणि प्रत्येक कपाट उघडण्याआधी क्षणभर थांबते. शेवटी शर्ट सापडतो, म्हातारा तो घालतो, बटणं लावतो आणि केळीतून निघून जातो. कोण होता, कुठून आला, कुणी विचारत नाही.

हे उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. चहा घेताना म्हणाले, “चांगला होता पिक्चर.”

“तुम्ही पाहिलात कधी?”

“सगळा पाहिला.” आणि गोष्ट सांगू लागले. शिंपीण, म्हातारा, शर्ट, इथपर्यंत बरोबर होतं. पण त्यांच्या सिनेमात शर्ट पांढरा होता, दुकानासमोर म्हैस बांधलेली होती आणि मागे गुऱ्हाळाचा धूर होता. मी म्हटलं, शर्ट निळा आहे, म्हैस नाही आणि थायलंडमधलं ते गुऱ्हाळ तुमच्या गावाकडचं, मिरजेकडचं दिसतंय. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. म्हणाले की मी चार पानं लिहायच्या नादात सिनेमा नीट बघितला नाही.

पुढच्या वर्गात हा किस्सा मी हसत हसत सांगितला. बाई बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांनी सिनेमा पाहिला आहे.” माझ्या चार पानांवर त्यांनी नुसतं ‘छान’ लिहिलं होतं. स्वयंपाकघरातून हे ऐकत असलेल्या गृहस्थांनी त्या दिवसापासून मला सिनेमातलं समजावून सांगायला सुरुवात केली. कारखान्यातल्या, रात्रपाळीने झोप उडालेल्या दोन-तीन जणांनाही त्यांनी तो सिनेमा औषधासारखा सुचवला. त्यातल्या एका बिहारच्या फिटरने मला बाजारात गाठून विचारलं, “भाभीजी, बूढ़े को कमीज़ मिली क्या?”

म्हैस आहे की नाही याचा निकाल लावायला हे एका सुट्टीला खुर्चीत ताठ बसले, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा सिनेमा लावायला लावला. खरंच जागे राहिले. म्हैस आली नाही. गुऱ्हाळ आलं नाही. म्हाताऱ्याने शर्ट अंगात घातला, तो निळाच होता. मी टोमणा तयार ठेवला होता, पण यांच्या चेहऱ्याकडे बघून तो मागे घेतला.

“बापूंचा पांढरा होता,” ते म्हणाले. बापू म्हणजे माझे सासरे. मग सांगितलं, की बापूंनी शेवटच्या दिवाळीला गावच्या शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकला होता. दिवाळीआधीच ते गेले. त्या गडबडीत शर्ट आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नंतर लक्षात आलं, पण जावंसं कुणाला वाटलं नाही.

एवढी वर्षं मला हे माहीत नव्हतं. मी नुसती त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून राहिले. पडद्यावर केळीची पानं हलत होती आणि यावेळी राउटरकडे कुणीही गेलं नाही.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा हे सकाळीच बाहेर पडले. तासाभराने परत आले. बापूंचा शिंपी केव्हाच वारला होता, असं त्यांनी सांगितलं. दुकानात आता त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. शर्टाचं विचारल्यावर त्याने यांना बसवलं, माळ्यावर चढला, जुनी दोन गाठोडी खाली घेतली आणि सगळं उलटंपालटं करून पाहिलं. त्यात पांढरा शर्ट नव्हता.

“मग एवढा वेळ काय केलंत?” मी विचारलं.

“बसलो होतो,” हे म्हणाले. “त्याने एवढं शोधलं, रिकाम्या हाताने कसं यायचं?” आणि खिशातून मोबाइलचं नवं कव्हर काढून दाखवलं. ते त्यांच्या मोबाइलला बसत नाही. माझ्याही नाही.