अंकेचे लाल गाल

जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनमध्ये चार-पाच मराठी घरं. शनिवारी कुणाच्या तरी घरी जेवायला जमतो. दारामागच्या खुंटीवर थंडीचे कोट एकावर एक चढत जातात ना, तसे आमच्यात किस्से साठतात. कुणाचा कुठला, शेवटी कळत नाही! मी बोलतो कमी, शाळाही फारशी झाली नाही. पण ऐकतो खूप. हे सगळे आमच्या सुनेच्या गालांचे.

*

सून अंके, इथलीच, गोरीपान. आमच्या मुलानं, नितीननं, तिला पहिल्यांदा आमच्यात जेवायला आणलं तेव्हा तिचे गाल लालेलाल झाले. आमची मंगल खूश! माझ्या कानात म्हणाली, "अहो, किती लाजते बघा!"

पुढच्या शनिवारीही लाजली. त्याच्या पुढच्याही. एकदा वरणाला फोडणी देताना लाजली, तेव्हा मंगलच विचारात पडली.

"अहो, पण फोडणीला कोण लाजतं?"

*

मग गालांवर बारीक पुळ्या आल्या. वसुधाकाकू आमच्यात सगळ्यांत जुन्या, सगळ्या घरांच्या वैद्य. "पिंपल्स आहेत गं! बेसन, लिंबू, खसाखसा चोळायचं."

अंके मोठ्यांचं ऐकणारी. चोळलं. दुसऱ्या दिवशी चेहऱ्याचा नुसता टोमॅटो!

काकू म्हणाल्या, "बघ, उजळलीस की नाही?"

*

एका शनिवारी झणझणीत रस्सा होता. इंजिनिअर प्रसादनं चेष्टा केली, "वहिनी, वाईन जरा जास्त झाली वाटतं!" सगळे हसले. अंकेच्या ग्लासात पाणी होतं. ती मराठी मोडकं बोलते, पण समजतं सगळं.

त्यानंतर शनिवार आला की म्हणायची, "बाबा, तुम्ही जा."

तिची खुर्ची रिकामी बघून मला घास जाईना. पोरगी परत आपल्यात बसेल ना, एवढंच डोक्यात यायचं.

*

त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला इथे महिनेच्या महिने लागतात. मिळाली तेव्हा नितीन कामावर, म्हणून सोबत मी गेलो. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून गाल पाहिले. मी मान लांब करून बघतोय म्हटल्यावर भिंग माझ्याच हातात दिलं!

"बंद झालेल्या छिद्रांचे काळे-पांढरे ठिपके दिसतात का?" अंकेनंच मला त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं.

ठिपके नव्हते. लाल रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक शिरा होत्या.

"मुरुमांत ते ठिपके असतात. ही रोझेशिया, गाल लाल करणारा त्वचेचा आजार."

लावायला जेल दिलं. रोज सनक्रीम, चोळणं बंद, डोळे चुरचुरले तर सांगायचं. आणि गाल कशानं पेटतात ते आपलं आपण ओळखायचं: ऊन, तिखट, वाफाळता चहा, कोंदट खोली. मुळापासून जात नाही म्हणाल्या, पण आटोक्यात राहते.

मी विचारलं, "आमच्या सावळ्या माणसांना होते का?"

"होते की! लाली दिसत नाही, म्हणून लवकर ओळखत नाहीत. जळजळतं का, ते विचारा."

*

अंकेला विचारून मी हे सगळं शनिवारी सांगितलं. कधी नव्हे ते इतकं बोललो. प्रसाद खाली मान घालून भात कालवत राहिला. वसुधाकाकूंनी मात्र हळूच स्वतःच्या गालाला हात लावला. कित्येक वर्षं त्या मुरुमांचं क्रीम लावत होत्या. डॉक्टरकडे गेल्या, तर तीच रोझेशिया!

"मला मेलं वाटत होतं, वय मागं चाललंय!"

मग आमच्या घरी येऊन अंकेजवळ बसल्या. "ये गं आता. लिंबू नाही देणार."

अंके म्हणाली, "खोली गरम असते, काकू. मी एकटी वारा घेते. सगळे बघतात."

मंगल ऐकत होती.

*

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. बाहेर बर्फ. मंगलनं हीटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात बांबूचा एक-एक पंखा ठेवला. बायका काठपदराच्या साड्यांवर कोट चढवून, कोमट चहा पीत, वारा घेत बसल्या. मधोमध अंके, शेजारी वसुधाकाकू.

वरच्या मजल्यावरची जर्मन शेजारीण जाता जाता खिडकीपाशी थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "तुम्हाला उकडतंय?"

मंगलचे दात वाजत होते. "या, गेनाऊ!" म्हणजे "हो, अगदी!" असं ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि खिडकीतून तिलाही एक पंखा दिला.