सणाच्या दिवशी रडवायचं नाही

१० मे २००३, शनिवार, दुपार कलती. कर्नाळ्याच्या अलीकडे, हायवेपासून आत, नवऱ्याचं गाव. चुलत दिराची हळद.

हजर: सासूबाई. मोठ्या चुलत सासूबाई. ज्यांच्या मुलाचं लग्न, त्या धाकट्या चुलत सासूबाई. नणंद. दोन जावा. शेजारच्या तीन बायका, ज्यांना गावातल्या प्रत्येक लग्नात भाकऱ्यांसाठी बोलावणं असतं. माझी साडेतीन वर्षांची मुलगी.

गैरहजर: मी. मांडवाच्या पुढच्या बाजूला भाड्याने आलेली पातेली मोजून घेत होते. ऑफिसात जाणारी सून म्हणून मोजायचं, लिहायचं काम नेहमी माझ्याकडे. मुलीचा बापही गैरहजर होता. तो बँजोवाल्यांशी गाण्यांवरून वाद घालत होता. पण त्याची गैरहजेरी कोणी कधी मांडली नाही.

घरामागे आंब्याखाली तीन चुली मांडल्या होत्या. तांदळाच्या भाकऱ्या चालल्या होत्या. मुलीच्या हातात कोणीतरी पिठाचा गोळा दिला होता आणि ती तो घेऊन पळत होती. निखारे पुढे ओढायला कोणीतरी तवा उतरवला आणि जमिनीवर ठेवला. मुलगी अडखळली आणि उजव्या हाताचा पंजा पूर्ण तव्यावर टेकून पडली. तवा कोणी उतरवला होता, हे मी त्या दिवशी विचारलं, पुढे घरातल्या एका बाराव्याला आणि एका बारशालाही विचारलं. आजवर नऊ बायकांपैकी एकीलाही ते आठवलेलं नाही.

मी धावत पोचले तोवर उपचार झाले होते. नणंदेने टूथपेस्ट फासली होती, मोठ्या चुलत सासूबाईंनी त्यावर तेल-हळद. पाणी ओतायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. विहीर दहा पावलांवर होती. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ती पेस्ट आणि हळद काढली. तेव्हा ती जी ओरडली, ते मी इथे लिहीत नाही.

पुढचे तीन आठवडे दवाखान्यात. भेटायला येणारे सगळे एकच प्रश्न घेऊन यायचे. सोबत बिस्किटाचा पुडा आणि शहाळं.

"पण तू कुठे होतीस?"

प्रश्न मलाच. नवरा शेजारच्या स्टुलावर बसलेला असायचा. त्याला लोक विचारायचे, "जेवलास का रे?"

एका बाईंनी माझं सांत्वन केलं. "तोंड वाचलं हे नशीब समज. मुलीची जात." मी त्यांना शहाळं परत देऊन टाकलं. म्हटलं, उन्हाचं आला आहात, तुम्हीच घ्या.

मांडीची कातडी काढून तळहाताला लावली. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, नवऱ्याला आणि सासूबाईंना, समोर बसवून सांगितलं.

"कातडी धरलीय. आता ती आकसणार. बोटं आत ओढली जाणार. ती सरळ राहायची असतील तर दिवसातून तीनदा ताणायची. बाकी वेळ हाताला ही पट्टी बांधून ठेवायची. मूल रडेल. रडलं म्हणून थांबायचं नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"वर्षभर धरून चाला. आणि खाडे नकोत. एक आठवडा सोडलात तर महिन्याचं काम वाया जातं."

त्यांनी प्लास्टिकची पट्टी दिली. तिच्या पंज्याच्या मापाची, खाली साचा, वर चिकटणारे पट्टे. एवढीशी होती.

मी न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होते. कंटेनरचे कागद वेळेत लावणं हे माझं काम. एक कागद मागे राहिला की माल बंदरात अडकतो, त्यामुळे कामाची वाटणी कशी करायची ते मला कळत होतं. सकाळचा व्यायाम मी ऑफिसला जाण्याआधी, संध्याकाळचा मी आल्यावर, दुपारचा सासूबाईंनी. त्या तेव्हा नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या, मुलीला सांभाळायला. त्या हो म्हणाल्या. नवऱ्याला काम दिलं नाही, कारण पहिल्याच दिवशी मुलगी ओरडल्यावर तो बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

मी मुलीला ओट्यावर बसवायचे. समोर पोळपाट. त्यावर तिचा तळहात, खोबरेल लावून, आणि वरून माझा. एकेक बोट दाबून धरायचं आणि तीसपर्यंत मोजायचं. मोजणं तिच्याकडून करून घ्यायचे, म्हणजे लक्ष तिकडे लागेल. चौथ्या दिवशी तिने शोध लावला.

"अकरा, बारा, तीस!"

"अकरा, बारा, तेरा."

"नाही. तीस झाले. सोड. आई, तीस झाले ना!"

मी पुन्हा एकपासून सुरू करायचे. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू एकदा दार वाजवून विचारून गेल्या, मुलीला मारता का हो तुम्ही?

जून, जुलै असे गेले. सकाळी बोट सरळ करावं, संध्याकाळी ते पुन्हा ताठर. मला वाटायचं कातडीच चिवट आहे. मग नागपंचमी आली. त्या दिवशी ऑफिसची सिस्टीम बंद पडली, गेटबाहेर ट्रेलरची रांग लागली, साहेबांनी दुपारीच सोडलं. घरी आले तर सासूबाई पुरणाची दिंडं वळत होत्या आणि मुलगी जमिनीवर बाहुलीशी खेळत होती. दोन्ही हात मोकळे. पट्टी बाहुलीला बांधलेली होती, छातीपासून पायापर्यंत, तीनही पट्टे नीट चिकटवून.

"हे काय?"

"हिला भाजलंय," मुलगी म्हणाली. "रोज दुपारी मी हिला बांधते. हिला दुखत नाही."

सासूबाई उठल्या नाहीत. "खेलू दे तिला. नागपंचमी हाय आज. आज कोन चिरत नाय, तवा ठेवत नाय, आन तू पोरीची बोटं मोडायला बघतेस?"

"आणि काल?"

"काल जिवतीची पूजा व्हती. पोरांसाठीच असते ती. त्या दिशी पोराला रडवू व्हय?"

"परवा?"

"परवा झोपली व्हती ती. झोपलेल्या लेकराला उठवून रडवू? सनावारी लेकराला रडवायचं नाय, आमच्यात नाय चालत."

मुलगी मध्येच म्हणाली, "आजी, तू तर म्हणालीस आईला सांगायचं नाही."

म्हणजे सबंध दोन महिने दुपारचा व्यायाम झालाच नव्हता. पट्टी मी ऑफिसातून येण्याआधी पुन्हा तिच्या हाताला चढत होती. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आईचं काळीज आहे. तिला नाही बघवत." मी विचारलं, मला बघवतं असं वाटतं का तुला? तो म्हणाला, "तू खंबीर आहेस." हा शब्द मी तेव्हापासून कोणाच्याही कौतुकासाठी वापरत नाही.

दुपारचं काम मी काढून घेतलं. मुलीला एका बाईंकडे ठेवायचं ठरवलं, तर सासूबाईंनी जेवण सोडलं. तो बेत तिथेच राहिला. नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पोळा. आपल्याकडे श्रावणात कोरडा दिवस शोधावा लागतो. प्रत्येक सणाला माझं आणि त्यांचं एकच भांडण. मी म्हणायचे, कातडीला पंचांग कळत नाही. त्या म्हणायच्या, हाफिसात जाऊन जीभ लांब झाली.

महिनाअखेरीस गणपती. गावच्या घरी पाच दिवस. मी जाणार नव्हते. पण घरचा गणपती, मोठी सून नाही असं कसं. मी पोळपाट आणि खोबरेलाची बाटली पिशवीत घालून नेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुलीला मागच्या खोलीत घेतलं. वाटलं, पुढे आरती चालू आहे, झांजांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही. गेलं. आधी नणंद आली.

"वैनी, देव घरात आनि पोरीला रडवता?"

तिच्या मागे मोठ्या चुलत सासूबाई. "अगो, आई हाईस का कसाई? सोड तिला! सोड बोलते ना!"

मग जावा, मग मुलं, मग हातात झांजा तशाच घेऊन नवरा. मुलीने त्याला बघून दोन्ही हात वर केले. त्याने तिला उचललं. ती त्याच्या मानेला घट्ट बिलगली, आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या शर्टात रुतलेली मला दिसत होती.

"आज राहू दे ना," तो म्हणाला. "गणपती आहे घरात. चार दिवसांनी काय बिघडणार आहे?"

चुलत सासूबाईंनी पोळपाट उचलून बाहेर नेला. पोळ्या लाटायला हवा होता म्हणाल्या. पट्टी कपाटावर ठेवली गेली, मुलीला दिसू नये म्हणून. गौरी जेवल्या, विसर्जन झालं. विसर्जनाच्या पावसात भिजून मुलीला ताप आला. तापात कसला व्यायाम. मग ताप उतरला तर अशक्तपणा. रोज कोणीतरी माझ्या आधी तिला उचलून बसलेलं असायचं. रोज "आज राहू दे."

ठरल्या तारखेला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. अंगठा आणि दोन बोटं टेकली. अनामिका आणि करंगळी टेकली नाहीत. त्यांनी दाबून बघितलं, मुलगी किंचाळली, त्यांनी सोडलं.

"केलं नाही वाटतं," ते म्हणाले.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरचा बाळांचा फोटो बघत होता. मी काही बोलले नाही, कारण त्याने बोलावं अशी माझी अपेक्षा होती. ती अजूनही आहे.

बाहेर बाकावर सासूबाई एका अनोळखी बाईला सांगत होत्या, "हिच्या आईनं लय ताणली बोटं. रोज ताणायची. म्हनून वाकली."

डिसेंबरात पुन्हा ऑपरेशन. अनामिका सरळ झाली. करंगळी अर्धी वाकलेलीच राहिली. डॉक्टर म्हणाले, हाड वाढेल तसं हे परत ओढलं जाणार, आता त्याला हात लावू नका. वाढ पूर्ण झाली, अठराच्या आसपास, की एकदा शेवटचं करून घ्या. मी ते लिहून घेतलं.

मुलगी मोठी झाली. उजव्या हातानेच लिहिते, पेन जरा वेगळं धरते. बाकी काही अडत नाही, असं सगळे म्हणतात. मेंदीला ती डावा हात पुढे करते. गणपतीत सगळे आरतीला टाळ्या वाजवतात तेव्हा तिची टाळी मला वेगळी ऐकू येते, पोकळ, कारण तळवा पूर्ण मिळत नाही. तीस माणसांत मला ती ओळखू येते. बाकी कोणाला येत नसावी, कारण सगळे डोळे मिटून गात असतात.

मधे सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. त्यांनाही व्यायाम होता, गुडघा रोज वाकवायचा. त्या रडायच्या, आजचा दिस सोडा म्हणायच्या. नवरा त्यांचा पाय धरून बसायचा. "आई, करावंच लागेल. डॉक्टरांनी सांगितलंय. खाडा नाही चालत." पाडव्याच्या दिवशी सकाळी त्याने ओवाळून घेण्याआधी त्यांचा व्यायाम करून घेतला. मी ताट हातात घेऊन दारात उभी होते.

"अरे, सन हाय आज," त्या म्हणाल्या.

"सणबिण काही नाही. वाकव."

त्यांचा गुडघा आता पूर्ण वाकतो. त्या जिना चढतात, देवळात जातात. मुलगी त्यांना हात धरून नेते. दोघींचं फार जमतं.

गेल्या वर्षी, बारावीच्या अभ्यासात असताना, एकदा जेवताना सहज म्हणाली, "मला लहानपणचं एवढंच आठवतं. तू माझा हात दाबून धरायचीस आणि आजी येऊन सोडवायची."

सासूबाई मान हलवत होत्या. नवऱ्याने कोशिंबीर मागितली. मी कोशिंबीर वाढली. त्याने तेव्हाही सांगितलं नाही.

परीक्षा संपली, मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली. मी मुंबईच्या एका हाताच्या सर्जनचा नंबर मिळवला. ऑपरेशन छोटं आहे, नंतर सहा आठवडे व्यायाम. मी तिला सांगितलं, मे महिन्यात करून घेऊ. ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "मे महिन्यात? मे महिन्यात चुलत ताईचं लग्न आहे. हळदीला नाचायचंय मला."

"मग जूनमध्ये."

"ॲडमिशन."

"गणपतीआधी करून टाकू."

"आई, राहू दे ना आता. आणि व्यायाम कोण करून घेणार, तूच ना?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "नको म्हनते ना ती. कशाला पोरीच्या मागं लागतेस?"

मी माझ्या याद्या दर पहिल्या तारखेला नव्या लिहिते. झालेलं खोडते, राहिलेलं पुढे घेते. गॅसची नळी बदलली. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. हाताच्या डॉक्टरांची वेळ घेणे, हे मी चौदा महिने पुढे घेते आहे. फोन मी आत्ताही करू शकते. पण अठरा पूर्ण झाल्यावर कागदावर सही तिची लागते. आजच्या यादीत ते वरून पहिलं आहे. वेळ अजून घ्यायची आहे.