अक्काला शेवट वाचून दाखवायला

कामथडीहून सकाळच्या एसटीने निघाले. पिशवीत एक लुगडं, शेंगदाण्याचे लाडू आणि सुनेनं आणलेलं पुस्तक. विहिरीतल्या दारातून परीराज्यात जाणाऱ्या मुलीची गोष्ट आम्हाला शाळेत बाई सांगायच्या. तीच कुणीतरी मोठ्या माणसांसाठी नव्याने लिहिली आहे. त्याचा हा दुसरा भाग. पहिला भाग गेल्या वर्षी मी अक्काला, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवला. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती पासलीहून आमच्याकडे आली होती. त्यात मुलगी मोठी होऊन पुन्हा त्या दारातून जाते आणि आई दिवा घेऊन पायरीवर बसते. तेव्हापासून अक्का फोनवर एकच विचारते, "पोरगी आली का गं माघारी?"

अक्काची स्वतःची मुलगी, मंदा, घर सोडून गेली त्याला आठ वर्षं झाली.

नसरापूरला गाडी बदलली आणि पुस्तक उघडलं. मी चौथी शिकलेली, ओळीखाली बोट धरल्याशिवाय वाचता येत नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, परीक्षा हाय जनू! पास झाला की पेढं आना." सगळे हसले. मी पुस्तक मिटलं. वेल्ह्याजवळ राहवेना, म्हणून शेवटचं पान पाहिलं. मुलगी परत येत नाही.

पुढे जीप मिळाली. तोरणा ढगात बुडालेला. खाचरं (बांध घातलेली भातशेतं) कापून रिकामी. शेजारी बसलेल्या बाईचं पोतं पिशवीवर कलंडलं, लाडवांचा चुरा झाला.

"किती वाळलीस गं! सून जेवाय घालती का न्हाई?" अक्का दारातच म्हणाली.

तांदळाची भाकरी आणि माडगं (कुळथाची पातळ आमटी) जेवलो. टोपलीत एक भाकरी उरली. ती मंदाची. अक्का रोज एक जास्त थापते आणि संध्याकाळी गाईला घालते.

तीन दिवस दुपारी ओट्यावर बसून वाचलं. शेवटचं पान आलं. मी म्हटलं, "आणि मुलगी दारातून बाहेर आली."

अक्कानं माझं मनगट धरलं. "तुजं बोट हललं न्हाई. लिवलंय त्ये वाच."

मी वाचलं, "आईने दिवा फुंकला आणि ती पायऱ्या चढून घरी गेली."

तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "मंग जेवली का ती?"

"तसं लिहिलेलं नाही, अक्का."

"जेवली आसंल. न जेवून कुनाला सांगंल?"

सकाळी निघताना तिनं फडक्यात एक भाकरी बांधून दिली. "वाटंत खा." मी टोपलीत पाहिलं. टोपली रिकामी होती.

परतीच्या वाटेवर पुस्तक उघडलं नाही. धुक्यात तोरणा दिसलाच नाही. सारखं वाटत होतं, खोटं बोलताना बोट एक ओळ पुढे सरकवायला हवं होतं.

घरी सुनेनं विचारलं, "कसा आहे शेवट?"

"तूच वाच," म्हटलं. फडकं सोडलं. भाकरी गार, कडक झाली होती. कुणाला न देता, उभ्यानंच ती सगळी खाल्ली.