बैठकीतला फोन माजघरात

देसाईगंजच्या आमच्या घरात फोन आला तो बैठकीत. तिथे दादाची धानाची अडत चालायची. दिवसभर दलाल आणि गिरणीवाले ठाण मांडून. रिंग वाजली की दादाच उचलणार. बाईमाणसाचा फोन असला तर आत हाक जायची, मग आई पदर सावरत येऊन त्या सगळ्या पंचायतीसमोर उभ्यानं बोलायची. तिला बस म्हणायचं कुणाला कधी सुचलं नाही.

धाकटी बहीण धानोऱ्याकडे दिलेली. स्थळ दादानंच आणलं होतं, जावई त्याच्याच धंद्यातला. दर रविवारी ती एसटीडीतून फोन करायची. आधी दादा बोलून घ्यायचा, मग रिसीव्हर आईकडे.

"बरी हायेस ना?"

"बरी हाय."

संपलं बोलणं. लहानपणी हिची टकळी जरा थांबावी म्हणून आई हिला शेजारी धाडायची आणि आता दोन शब्दांत हिचं सगळं आटोपत होतं! मला ते पटत नव्हतं. पण दलालांच्या गराड्यात कुणी कुणाला काय विचारावं?

त्या हिवाळ्यात मंडई झाली, म्हणजे गावची जत्रा. आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या नाटकाला लेकी-जावई येणार म्हणजे येणारच. सासर कितीही खाष्ट असो, तेवढ्यासाठी सोडतात. आमची आली नाही. "तिले खोकला हाय," दादानं सांगून टाकलं. आई नाटकाला शेजारी शाल पसरून जागा धरून बसली होती. शेवटपर्यंत तिनं ती शाल उचलली नाही आणि माझं डोकं फिरलं.

नेमकं तेव्हा गावात ब्रॉडबँड आलं. नाटक मंडळांची हँडबिलं मी घरच्या कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचे, त्यामुळे मला ते हवंच होतं. दादा म्हणाला, कॉम्प्युटर बैठकीत आण. मी म्हटलं, लाईनच माजघरात येईल, फोनसकट. कॉम्प्युटर हे निमित्त होतं. मला फोन त्या बैठकीतून उचलायचा होता, एवढंच.

लाईनमनला मी मुद्दाम दादा बाजारात असतानाची वेळ दिली. त्यानं दारातच विचारलं, "घरी मानूस नाई का कोनी?"

"आमी दोघी दिसून नाई राह्यलो का?"

तो हसला, पण ड्रिल काही पिशवीतून काढेना. "तसं नाई, बाई. भाऊ मंग मलेच बोलतीन ना."

"फोन कोनाच्या नावानं हाय?"

बाबा गेल्यावर तो आईच्या नावावर झाला होता. हे त्याला सांगायच्या आत आईच पुढे आली. पीठ लागलेलं बोट तिनं माजघरातल्या भिंतीवर टेकवलं आणि म्हणाली, "इथी आन." मी तिच्याकडे बघतच राहिले. या घरात कुठली वस्तू कुठे ठेवायची हे तिनं सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

माप मी घेतलं आणि घाईत घोळ घातला. त्याच भिंतीला माजघराच्या बाजूनं धानाची ढोली टेकलेली होती, शेणानं सारवलेली, बांबूची, काठोकाठ भरलेली. बैठकीकडून ड्रिल आरपार गेलं ते थेट ढोलीच्या पोटात. बाहेर ओढलं तशी भोकातून धानाची धार लागली, दादाच्या पांढऱ्या गादीवर! आईनं फडकं कोंबलं. लाईनमन कपाळाला हात लावून बसला.

"बसता काय, भाऊ? दुसरं पाडा," मी म्हटलं.

दुसरं भोक नीट पडलं. वायर आत आली, माजघरात डबा बसला, मोडेमचे दिवे लागले. बैठकीतला फोन उचलून मी आत आणला.

दादा आला तो भडकूनच. "हे कोनी सांगतलं?"

"मी."

"दलालाचे फोन आता चुलीजवळ घेऊ का मी?"

"तुह्या खिशात मोबाईल हाय. आईच्या खिशात काय हाय?"

"उद्या काढून फेकतो."

"फेक. परवा परत लावीन."

मला त्याची भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण आवाज मी हलू दिला नाही.

रविवारी रिंग वाजली. बैठकीतून सवयीनं दादा उठल्याचं ऐकू आलं. तो पोचायच्या आत मी माजघराचं दार लोटून कडी घातली. आई पाटावर बसली, अगदी मांडी घालून, आणि तिनं रिसीव्हर उचलला. मी कान लावला.

"बरी हाय," पलीकडून आलं, विचारायच्या आधीच.

"इथी कोनी नाई, बाई," आई म्हणाली. "मी अन् तुही बहीन. आता खरं सांग."

पलीकडे बहीण रडायला लागली. "माय, मले घेऊन जा वं."

आईनं काहीही विचारलं नाही. "कपडे भरून ठेव," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी कडी काढली. दादा दारातच उभा होता. "कोनाचा फोन होता?"

"माह्या पोरीचा. तिले आनाले जाऊन राह्यलो आमी." आईनं खुंटीवरची शाल खांद्यावर घेतली. "सरक बाजूले."