कान्हूची बंद छत्री

कान्हूबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं मी दोन महिने म्हणत होतो. त्या कुणीतरीमध्ये मी स्वतःला धरलं नव्हतं. पोस्टात पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलंच वाटलं. पण त्या दिवशी बांधावर हजर असलेला माणूस मी एकटा, त्यामुळे चुकतमाकत का होईना, मलाच सांगावं लागणार.

आमचं गाव वडखळच्या पुढे, खाडीच्या बांधाला टेकलेलं. कान्हू माझ्या वर्गातला. चौथीनंतर तो मिठागरावर गेला आणि मी पाचवीत. मिठात उभं राहून त्याच्या तळपायांना अशा भेगा पडल्या आहेत की त्यात चार आण्याचं नाणं उभं राहील, असं तोच सांगतो. चार आण्याचं नाणं आता मिळत नाही, म्हणून ते कुणाला तपासता येत नाही. मिठागर बंद झाल्यावर त्याने पूर्ण वेळ मासळी धरली. खांद्यावरून पाग फेकला की जाळं पाण्यावर ताटासारखं गोल पडायचं. मी एकदा फेकून पाहिला, तेव्हा तो माझ्याच डोक्यावर पडला. तेही कान्हू सगळ्यांना सांगतो.

आमच्या बांधाला उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधातले लाकडी दरवाजे. भरतीच्या खाऱ्या पाण्याने ते आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की शेतातल्या गोड्या पाण्याच्या जोराने उघडतात. पाऊस लागून चार-सहा दिवस झाले की त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यावर चिवणी नावाची मासळी उलटी चढून शेतात येते. लांब मिशांची, पोटात गच्च गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली. शेतातल्या पाण्यात अंडी घालायची आणि परत खाडीत जायचं, एवढंच तिचं काम. पण उघाडी अरुंद, आणि तिच्या तोंडाशी अख्खं गाव जाळं घेऊन उभं. चिवणीच्या गाबोळीचं कालवण ज्याने खाल्लं नाही त्याला ते सांगून कळणार नाही, आणि ज्याने खाल्लं आहे त्याला सांगायची गरज नाही.

आठ-दहा वर्षांपूर्वी एका ओहोटीत कान्हूने एकट्याने पिंप भरून चिवणी काढली. गावाने त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढच्या वर्षी उघाडीवर बोटावर मोजण्याइतकी आली. त्याच्या पुढच्या वर्षी बेडूक आले. कान्हू तीन दिवस रिकामा पाग खांद्यावर टाकून बांधावर बसून होता. चौथ्या दिवशी देवळात येऊन म्हणाला, "मी मासळी नाय खाल्ली रं. मी पुढचं सालच खाल्लं."

मग त्यानेच कायदा सांगितला. चिवणी चढायला लागली की आठ दिवस उघाडीवर जाळं टाकायचं नाही. चढणारी पोटुशी असते, तिला जाऊ द्यायचं. उतरणारी रिकामी असते, ती खुशाल धरायची. जो मोडेल त्याने चार दिवस उघाडीवर राखण करायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. गावाने मान्य केलं, कारण त्या वर्षी धरायला काही नव्हतंच.

सहा वर्षांत चिवणी परत आली. कायदा एकदाच मोडला, गेल्या साली, निलेशने. निलेश डोलवीच्या बाजूला कंपनीत कंत्राटावर आहे. त्याने शिफ्टवरून येताना एकच चिवणी धरली आणि कान्हूने त्याला डब्यासकट पकडलं. तो राखणीला बसला त्याच दिवशी त्याचे सासू-सासरे रोह्याहून आले.

"जावईबापू, इथं काय करताव?" सासऱ्याने विचारलं.

"पोटुशी चिवणी धरली," निलेश म्हणाला.

सासू तेव्हापासून त्याच्याशी जपून बोलते. निलेशने हे सगळं कान्हूच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

या वर्षी कान्हूची मुलगी भूमिका सातव्या महिन्यात माहेरी आली. तिला निडीला दिली आहे, भातशेतीवाल्या घरात. चिवणी चढायला लागून तिसरा दिवस झाला आणि कान्हूची बायको सगुणा विहिरीवर म्हणाली, "माझ्या पोरीला डोहाळे लागलेत गो. चिवणीच्या गाबोळीचे. दुसरं काय तोंडात घेत नाय."

दुपारपर्यंत गावाला दुसरा विषय राहिला नाही. गरोदर बाईचे डोहाळे अडवायचे नसतात. अडवले तर पोराची लाळ गळते, हे आमच्याकडे शाळेतल्या बाईसुद्धा मानतात. आणि कान्हूचा कायदाही सगळे मानत होते. आता बाप लेकीचं ऐकतो की चिवणीचं, हे बघायला गाव तयार होऊन बसलं. निलेशने तर स्वच्छ सांगितलं, "कान्हूतात्यांनी धरली आणि शिक्षा नाय घेतली, तर दुसऱ्या ओहोटीला माझा पाग पाण्यात. माझाच काय, सगळ्यांचा."

कान्हूने आधी पळवाट शोधली. पेणच्या बाजारात गेला आणि कुठल्यातरी समुद्रातल्या माशाची, बर्फातली गाबोळी घेऊन आला. पावसाळ्यात समुद्रात बोटी बंद, त्यामुळे ती किती जुनी ते देव जाणे. नाक्यावर निलेश भेटलाच.

"काय तात्या, पिशवीत काय?"

"गाबोळी."

"म्हंजे ही पोटुशी नव्हती काय? गाबोळी झाडाला लागली होती?"

कान्हू पिशवी घेऊन पुढे निघाला. मला त्याने नंतर विचारलं, "सख्या, तुला काय वाटतं? दुसऱ्याने मारलेली चालते काय?" मी म्हणालो, मला त्यातलं कळत नाही. ते खरंही होतं. घरी सगुणाने पिशवी हुंगली आणि मांजराला दिली. "पोरीला डोहाळे चिवणीचे लागलेत. बर्फाचे नाय."

त्या आठ दिवसांत गाव आळीपाळीने उघाडीची राखण करतं. पाचव्या दिवशी दुपारी पाळी माझी होती. गळ्यात शिट्टी, हातात काठी. ओहोटी लागली, दरवाजे कुरकुरत उघडले, आणि त्या फेसाळ पाण्यातून चिवण्या वर चढू लागल्या. तेवढ्यात बांधावरून कान्हू आला. त्याच्या हातात छत्री होती. मी जरा दचकलोच. जन्मभर कान्हूने छत्री धरलेली मी पाहिली नव्हती. पावसात तो गोणपाटाची खोळ घेतो, आणि आज तर आभाळ उघडं होतं.

"सख्या, घरी जाऊन चहा पिऊन ये."

"मी आत्ताच प्यालो."

"परत पी."

खांद्यावर गुंडाळून टाकलेल्या खोळीतून पागाचे शिशाचे मणी वाजत होते. मला सगळं कळलं. शिट्टी वाजवायला हवी होती. मी ती तोंडात धरलीसुद्धा, आणि तशीच धरून खाडीच्या बाजूला तोंड करून उभा राहिलो. समोर एक बगळा होता. त्या बगळ्याकडे मी इतकं लक्ष देऊन पाहिलं की आजही त्याला ओळखेन.

मागे पाग पडल्याचा आवाज आला. मग कान्हूचं बोलणं. माझ्याशी नव्हे. "तू जा. तू पण जा. तू लय लहान हायस, जा. तुम्ही दोघी रागावू नका. माझी पण पोटुशी हाय घरी." दोन ठेवून बाकी सगळ्या त्याने शेताच्या बाजूला सोडल्या, छत्री उलटी धरून त्यात त्या दोन घातल्या, छत्री मिटली आणि वर दोरी बांधली.

"चल," तो म्हणाला. "एकट्याला जमायचं नाय." पाळी संपायला अर्धा तास होता, तरी मी निघालो.

अर्ध्या वाटेवर पाऊस आला. आमच्या खाडीवर येतो तसा, आडवा आणि विचारल्याशिवाय. समोरून निलेश येत होता, रंगीत छत्री घेऊन. त्याने आम्हाला पाहिलं. मी भिजत होतो, ते ठीक, माझ्याकडे छत्री नव्हती. कान्हू छत्री काखेत घट्ट धरून भिजत होता.

"तात्या, पाऊस पडतोय."

"दिसतंय."

"छत्री उघडा की."

"मोडलीय."

"आणा इकडे, मी बघतो. आमच्या कंपनीत यापेक्षा मोठ्या गोष्टी सरळ करतो."

"नको. जुनी हाय. तुटेल."

निलेश पुढे सरकला आणि तेवढ्यात छत्री बोलली. चिवणी पाण्याबाहेर काढली की काट्यातून आवाज करते, कुर्र कुर्र, हे खाडीवरच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. छत्रीतून कुर्र झालं. मग दुसऱ्या आवाजात कुर्र.

 

"सखाकाका," निलेश माझ्याकडे वळला, "तुम्हाला काय ऐकू आलं?"

माझ्या तोंडात अजून शिट्टी होती. घाबरून श्वास सोडला आणि ती वाजली. आयुष्यात एवढ्या उशिरा कुणी शिट्टी वाजवली नसेल.

कान्हू हसला. त्याने दोरी सोडली, छत्री निलेशपुढे धरली आणि म्हणाला, "दोन हायत. पोटुशा. मी धरल्या. उद्यापासून चार दिवस मी राखणीला. ग्रुपवर टाक."

निलेशचा चेहरा उतरला. वर्षभर तो ज्या भांडणाची तयारी करत होता ते झालंच नाही. "जावा घरी," तो म्हणाला, "भूमिकाताई थांबली असेल." आणि ग्रुपवर टाकलं. छत्रीच्या फोटोसकट.

घरी आलो तर भूमिका ओटीवर बसून पापडाच्या लाट्या खात होती. छत्री उघडताच तिने नाकाला पदर लावला. "बाबा, ते आत न्या. मला मासळीचा वास सोसत नाय. दोन महिने झाले."

कान्हू जागीच थांबला. "तुला डोहाळे लागलेत ना?"

"व्हय. पापडाच्या लाट्यांचे. आईला पहिल्या दिवशीच सांगितलं."

आम्ही दोघांनी सगुणाकडे पाहिलं. ती आधीच विळीवर बसली होती.

"सगुणे, पोरीच्या नावाने खोटं बोललीस?"

"डोहाळे खरेच हायत," सगुणा मान वर न करता म्हणाली. "तिचे नाय, माझे. ही पोटात होती तेव्हा तुमी टोपलीभर चिवणी आणली होती. सगळी पेणच्या बाजारात गेली. मला काय ठेवलंत? डोकी. ही पोर दोन वर्षांची होईपर्यंत हिची लाळ गळत होती, विसरलाव? आणि आता मी मागायच्या आधीच तुमी कायदा करून बसलाव."

कान्हू माझ्याकडे बघू लागला. मी बगळा शोधला, पण घरात कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी कान्हू उघाडीवर बसला. शेजारी मी बसलो. मला कुणी शिक्षा दिली नव्हती, पण घरी बसवेना. तासाभराने सगुणा आली आणि धोंड्यावर ऐसपैस बसली. "धरली त्यांनी, खाल्ली मी. मग मी का नको?"

त्या चार दिवसांत बांधावरून जत्रा गेली. ग्रुप वाचून वडखळपासून माणसं आली. प्रत्येकजण विचारायचा आणि आम्ही क्रमाने सांगायचो.

"मी धरली," कान्हू.

"मी खाल्ली," सगुणा.

"मी बगळा बघितला," मी.

सगुणासारखी राखण उघाडीला कधी मिळाली नव्हती. एकदा एक पाहुणा नुसता गळ घेऊन आला, तर तिने त्याच्या आजोळापर्यंत चौकशी केली. तो आल्या वाटेने गेला. बाकी कुणाचाही पाग पाण्यात पडला नाही. निलेशही नाही. तो रोज शिफ्टवरून येताना विचारायचा, "तात्या, इथं काय करताव?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घरी जायचा.

शेवटच्या दिवशी ओहोटीला पहिल्या चिवण्या खाडीकडे उतरताना दिसल्या, रिकाम्या पोटांच्या, हलक्या. सगुणा त्या मोजायला पुढे गेली तेव्हा मी कान्हूला हळूच विचारलं, "पण कालवण झालं कसं होतं रे?"



"मला डोकी आली," कान्हू म्हणाला.